पीएसपीवर आर्क-४: फर्मवेअर भरवशाचं, कसोटी कार्डाची आणि बॅटरीची

पीएसपी म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल. जुन्या पीएसपीवर कस्टम फर्मवेअर, म्हणजे हौशी प्रोग्रामरांनी बदललेली यंत्राची मूळ प्रणाली, टाकायचं म्हटलं की पहिला धसका असतो तो यंत्र कायमचं बंद पडण्याचा. कुठली आवृत्ती घ्यायची, कुठलं बटण कधी दाबायचं, मध्येच वीज गेली तर काय, यावर तासन् तास चर्चा होते. आर्क-४ हे असंच एक फर्मवेअर वापरून पाहिलं की कळतं, या सगळ्या खटाटोपात सर्वांत भरवशाचा भाग हे फर्मवेअरच आहे. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे: फुगलेली बॅटरी, बनावट कार्ड, सैल बसणारा अडॅप्टर. गेम मध्येच गोठतो, सेव्ह उडते आणि खापर फुटतं फर्मवेअरच्या माथी. म्हणून या परीक्षणात आर्क-४ला जितकी जागा आहे तितकीच त्याच्याभोवतीच्या सामानालाही आहे.

पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी विक्रीला आला. सोनीचं शेवटचं अधिकृत फर्मवेअर ६.६१, ते २०१५च्या जानेवारीत आलं. जुलै २०२१मध्ये पीएसपीवरून खरेदी करण्याची उरलीसुरली सोयही बंद झाली. कस्टम फर्मवेअरच्या दृष्टीने हे सोयीचंच ठरलं. पूर्वी डार्क_अलेक्स या प्रोग्रामरच्या एम३३ या कस्टम फर्मवेअरच्या काळात सोनी दर काही महिन्यांनी नवं फर्मवेअर काढायची आणि मॉड करणाऱ्यांना तिच्यामागे धावावं लागायचं. आता पाया ६.६१वर स्थिर आहे. आर्क-४ला त्यावर निवांत सुधारणा करत जाता आल्या, आणि त्याचा फायदा वापरताना जागोजागी दिसतो. आधीच्या प्रो या कस्टम फर्मवेअरचाच वारसा त्यात आहे; फरक आहे तो सफाईचा.

कुठलं मॉडेल घ्यावं

पीएसपीची मॉडेलं पाच: १०००, २०००, ३०००, गो आणि ई१०००. स्क्रीन सगळ्यांची ४८० × २७२ पिक्सेलची. गो सोडून बाकीच्यांची ४.३ इंच, गोची ३.८ इंच. पण वापरताना मॉडेलांमध्ये बराच फरक जाणवतो.

१००० हे सर्वांत जड, २८० ग्रॅमचं, आणि बांधणीला सर्वांत दणकट. रॅम ३२ एमबी, टीव्हीला जोडायची सोय नाही, यूएसबीवरून चार्जिंग नाही. वेगाने हलणाऱ्या चित्रामागे सावली रेंगाळते, धावपळीच्या गेममध्ये ती खटकते. पण दुरुस्तीच्या बाबतीत याच्याइतकं क्षमाशील मॉडेल दुसरं नाही. कारण पुढे येईलच. २००० वजनाला १८९ ग्रॅम, रॅम दुप्पट म्हणजे ६४ एमबी, टीव्ही जोडणी आणि यूएसबी चार्जिंग दोन्ही. ३०००ची स्क्रीन रंगांना आणि प्रतिसादाला सर्वांत चांगली, आत मायक्रोफोनही आहे. मात्र हलत्या चित्रात बारीक आडव्या रेषा दिसतात. काहींना त्या दिसल्या की दिसतच राहतात, तेव्हा घेण्याआधी एकदा चालू करून पाहावं.

गो खिशात बसायला सुंदर, १६ जीबी अंतर्गत साठवण आहे, ब्लूटूथ आहे. पण डिस्क नाही, बॅटरी आत बंदिस्त, केबल खास त्याचीच आणि कार्ड एम२ जातीचं, जे आता शोधून काढावं लागतं. ई१००० म्हणजे स्ट्रीट: वाय-फाय नाही, एकच स्पीकर, बॅटरी सहज निघत नाही. फुकट मिळाला तर जरूर वापरा, मुद्दाम शोधू नका.

आमचा कौल ३०००ला. ज्यांना यंत्र उघडायची, प्रयोग करायची हौस आहे त्यांनी १००० घ्यावा.

आधी बॅटरी

यंत्र हातात आल्यावर सर्वांत आधी मागचं झाकण काढा आणि बॅटरी सपाट जागेवर ठेवून पाहा. ती डुलली किंवा गोल फिरली तर ती फुगलेली आहे. झाकण नीट न बसणं हीही तीच खूण. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. ती ई-कचऱ्यात द्यायची. ज्या मॉडेलची बॅटरी निघते तो पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवरही चालतो, त्यामुळे यंत्र चालू आहे की नाही हे बॅटरी बाजूला ठेवून तपासता येतं. चार्जर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा. पिन ४ मिलिमीटर बाहेरचा आणि १.७ मिलिमीटर आतला व्यास असलेली, मधला भाग धन.

नवी बॅटरी घेताना छापलेल्या आकड्याला भुलू नका. १०००ची मूळ बॅटरी १८०० मिलिअँपिअर-तासांची, २००० आणि ३०००ची १२००ची. त्याच आकाराच्या खोक्यावर ३६०० छापलेलं दिसलं तर ते खोटं आहे. तेवढी क्षमता त्या जागेत मावत नाही. १०००ची जाड बॅटरी २००० किंवा ३०००मध्ये बसते, पण मग मागचं झाकणही फुगीर लागतं. बॅटरीला तिसरी पट्टी असते ती संवादाची: उरलेला चार्ज, अनुक्रमांक वगैरे माहिती यंत्र तिच्यातूनच वाचतं. स्वस्त बॅटऱ्यांमधली ही चिप नीट उत्तर देत नाही. मग ६० टक्के दाखवता दाखवता यंत्र एकदम बंद होतं, आणि नव्या बोर्डांवर काही बॅटऱ्या चार्जच घेत नाहीत. सिस्टीम सेटिंग्जमध्ये बॅटरीची माहिती पाहा. दहा-पंधरा मिनिटं गेम चालवल्यावर टक्के हळूहळू उतरतात की उड्या मारतात, एवढ्यावरून बॅटरीची जात कळते.

हे आधी सांगायचं कारण असं की अधिकृत अपडेट चार्जर जोडल्याशिवाय सुरू होत नाही, आणि त्याला बॅटरीही पुरेशी भरलेली लागते. मेलेली बॅटरी लावून ६.६१वर जाता येत नाही म्हणून पुष्कळ जण पहिल्याच पायरीवर अडकतात.

मग कार्ड

पीएसपीला मेमरी स्टिक प्रो ड्यूओ लागते. आज त्याऐवजी मायक्रोएसडी घालायचा अडॅप्टर वापरणं हाच शहाणपणाचा मार्ग, पण अडॅप्टर एका खाचेचा घ्या. दोन खाचांचे अडॅप्टर डेटा दोन्ही कार्डांत विभागून लिहितात. दोन्ही कार्डं सारख्याच क्षमतेची लागतात, एक बाहेर काढून संगणकात वाचता येत नाही, आणि दोघांपैकी एक गेलं की दोन्हींवरचं सगळं जातं. जास्त जागेच्या मोहापायी हा धोका पत्करण्यात काहीच अर्थ नाही. एका खाचेत ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड चालतंच.

कार्ड नामांकित कंपनीचं असलं तरी आधी तपासायचं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. ही साधनं कार्ड पूर्ण भरतात आणि परत वाचून पडताळतात. ३२ जीबीच्या कार्डाला दोन तासही लागू शकतात, तेवढे द्या. बनावट कार्ड स्वतःला ६४ जीबी म्हणवतं आणि आत चिप ८ जीबीची असते. पहिले आठ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, नंतर लिहिलेलं जुन्यावर पडत जातं. म्हणजे आज टाकलेला गेम चालतो आणि महिन्यापूर्वीची सेव्ह नाहीशी होते. ही तक्रार ऐकली की पहिला संशय कार्डावर घ्यावा.

फॉरमॅट पीएसपीमध्येच करा: सेटिंग्ज, सिस्टीम सेटिंग्ज, मेमरी स्टिक फॉरमॅट. पीएसपीला फॅट३२ लागतं. ६४ जीबी आणि वरची कार्डं कारखान्यातून एक्सफॅट होऊन येतात, ती पीएसपी वाचत नाही. विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट साधनही ३२ जीबीच्या वर फॅट३२ देताना आडमुठेपणा करतं. पीएसपी हे काम गुपचूप करून देतो, शिवाय लागणारे फोल्डरही तयार करतो.

अडॅप्टर खाचेत घातल्यावर बोटाने किंचित हलवून पाहा. हालचाल जाणवत असेल तर गेम चालू असताना यंत्र जरा जोरात धरलं तरी संपर्क तुटेल आणि नारिंगी दिवा चमकत-चमकत विझून गेम गोठेल. अडॅप्टरच्या पाठीला पातळ कागदी टेपची एक पट्टी लावली की बहुतेक वेळा काम होतं. दोन थर लावू नका. अडकलेला अडॅप्टर ओढून काढताना खाचेच्या पिना वाकतात.

कार्ड भरायचं ते शक्यतो मायक्रोएसडी काढून कार्ड रीडरमधून. पीएसपीच्या मिनी-यूएसबीवरून भरता येतं, पण मोठ्या फायलींना वेळ फार जातो.

बसवणी

सिस्टीम माहितीत आवृत्ती ६.६० किंवा ६.६१ दिसली तर अधिकृत अपडेटची गरज नाही. त्याहून जुनी असेल तर ६.६१ची ईबूट (पीएसपीवर चालवता येणारी) फाइल कार्डावरच्या पीएसपी फोल्डरमधल्या गेम फोल्डरात, अपडेट नावाचा फोल्डर करून त्यात ठेवा आणि पीएसपीच्या गेम विभागातून चालवा. फोल्डरची नावं रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत. गोसाठी अपडेटची फाइल वेगळी असते, ती इतर मॉडेलांच्या फाइलशी अदलाबदल होत नाही.

पुढचं काम पाच मिनिटांचं. आर्क-४च्या संचात दोन फोल्डर महत्त्वाचे. आर्क_लोडर हा गेम फोल्डरमध्ये जातो. आर्क_०१२३४ हा सेव्हडेटा फोल्डरमध्ये जातो. जागा चुकते ती इथेच: संच उघडताना संगणक कधीकधी फोल्डरमध्ये आणखी एक त्याच नावाचा फोल्डर करतो, आणि लोडरला त्याच्या फायली सापडत नाहीत. फोल्डर उघडल्यावर लगेच फायली दिसायला हव्यात, दुसरा फोल्डर नव्हे. मग पीएसपीवर गेम विभागातून आर्क लोडर चालवा. स्क्रीनवर अक्षरं सरकतात, यंत्र मुख्य मेनूवर परत येतं, आणि सिस्टीम माहितीत ६.६१च्या पुढे आर्क-४ दिसतं. झालं.

या टप्प्यावर सोनीच्या फर्मवेअरला धक्काही लागलेला नाही. आर्क फक्त रॅममध्ये आहे. पॉवरची पट्टी झटकन सरकवून यंत्र झोपवलं तर आर्क टिकतं. तीन-चार सेकंद धरून पूर्ण बंद केलं की जातं, आणि पुन्हा लोडर चालवावा लागतो. नवख्याने पहिला आठवडा असाच काढावा असं आम्ही आग्रहाने सांगू. कार्ड, बॅटरी, आवडते गेम सगळं नीट चालतंय याची खात्री या काळात होते, आणि काही बिघडलं तर यंत्र बंद करून चालू केलं की मूळपदावर.

कायम करायचं असेल तर

यासाठी यंत्र चालू होताना काय घडतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. प्रोसेसरच्या आत न बदलता येणारा एक छोटा प्रोग्राम असतो, प्री-आयपीएल. तो नँड फ्लॅशमधून, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या साठवणीतून, आयपीएल हा सुरुवातीचा प्रोग्राम वाचतो आणि आयपीएल पुढे फर्मवेअर उभं करतं. १०००मध्ये ही नँड ३२ एमबीची, २०००पासून ६४ एमबीची. जुन्या प्री-आयपीएलची पडताळणी कच्ची होती, त्यामुळे तिथे कस्टम आयपीएल लिहून चालतं. टीए-०८८ व्ही३ या २०००च्या बोर्डापासून सोनीने पडताळणी घट्ट केली, आणि ३०००वर कित्येक वर्षं कस्टम आयपीएल शक्यच नव्हतं. तिथली उणीव इन्फिनिटी या साधनाने भरून काढली. आयपीएलला हात न लावता फर्मवेअर उभं राहतानाच्या टप्प्यात शिरून ते सर्व मॉडेलांवर कस्टम फर्मवेअर आपोआप सुरू करून देतं.

आपला बोर्ड कुठला हे पाहायला यंत्र उघडावं लागत नाही. पीएसपी आयडेंट नावाचा छोटा होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी लिहिलेला, प्रोग्राम बोर्डाचा टीए क्रमांक सांगतो. तो क्रमांक कागदावर लिहून ठेवा आणि कायमस्वरूपी बसवणीची जी पद्धत त्या बोर्डासाठी दिली आहे तीच वापरा. लिहिण्याचं काम चालू असताना चार्जर जोडलेला हवा, बॅटरीही भरलेली हवी. हे काम काही सेकंदांचं असतं, पण त्याच सेकंदांत बॅटरीने दगा दिला तर नँड अर्धवट लिहिली जाते. बॅटरीवर इतकी शाई खर्च केली ती याच कारणासाठी.

सेटिंग्ज: कुठली लावावी, कुठली सोडावी

मुख्य मेनूवर सिलेक्ट दाबलं की आर्कचा मेनू उघडतो. बहुतेक पर्याय सगळीकडे, फक्त गेममध्ये, फक्त होमब्रूमध्ये किंवा फक्त मुख्य मेनूवर असे वेगवेगळे लावता येतात. ही सोय फार उपयोगाची आहे आणि आर्कच्या बाजूने आमचं मत झुकण्याचं एक मोठं कारण तीच.

ओव्हरक्लॉक हे नाव थोडं फसवं आहे. पीएसपीचा प्रोसेसर मुळातच ३३३ मेगाहर्ट्झचा. सोनीने बॅटरीसाठी गेमना सुरुवातीला २२२चीच परवानगी दिली आणि २००७मध्ये ३.५० फर्मवेअरपासून ती अट काढली. म्हणजे जुन्या गेमना ३३३ देणं हा यंत्रावर अत्याचार नाही. ज्या गेममध्ये गर्दीच्या प्रसंगी चित्र अडखळतं तिथे फरक लगेच दिसतो. बॅटरी मात्र लवकर उतरते, म्हणून सगळीकडे लावू नका.

इन्फर्नो कॅश डिस्कची प्रतिमा, म्हणजे डिस्कची फाइलमधली प्रत, वाचणं वेगवान करते, पण त्यासाठी रॅम घेते. एखादा गेम विनाकारण कोसळायला लागला तर आधी ही बंद करून पाहा. मेमरी स्टिकचा वेग वाढवणारा पर्याय मोठ्या कार्डांवर जरूर लावा. जास्तीच्या रॅमची सक्ती करणारा पर्याय २००० आणि पुढच्या मॉडेलांसाठी आहे. तो काही होमब्रूला लागतो, गेमना सरसकट लावला तर काही कोसळतात. यूएसबी चार्जिंग २००० आणि पुढच्यांवर चालतं, १०००वर हार्डवेअरच नाही. जपानी यंत्रावर होकारासाठी गोल बटण असतं, फुलीची सवय असेल तर रिकव्हरी मेनूतून अदलाबदल करता येते.

याच मेनूत यूएसबी कशाला जोडायचं तेही ठरवता येतं: मेमरी स्टिक, फ्लॅश ०, फ्लॅश १, यूएमडी (पीएसपीची गेम डिस्क). फ्लॅश ० म्हणजे प्रत्यक्ष फर्मवेअर. कुतूहलापोटीही तो संगणकाला जोडू नका. संगणक विचारल्याशिवाय लहानसहान फायली लिहितो, अँटीव्हायरस हव्या त्या फायली उचलतो, आणि यंत्र दुसऱ्या दिवशी उघडत नाही.

डिस्कपासून कार्डापर्यंत

यूएमडी हाच पर्याय निवडला की आपल्याकडची डिस्क संगणकावर आयएसओ फाइल म्हणून दिसते. ती कॉपी करायची आणि कार्डाच्या मुळाशी आयएसओ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. यूएमडी जास्तीत जास्त १.८ जीबीची आणि ड्राइव्हचा कमाल वेग सेकंदाला ११ मेगाबिट, म्हणजे भरलेल्या डिस्कला किमान २२ मिनिटं लागणारच. त्यात आकडा मध्येच थबकला तर डिस्कवर डाग आहे किंवा लेन्सवर धूळ. यूएमडीचं प्लास्टिकचं कवच जुनं झालं की त्याचे दोन भाग सुटतात आणि आतली चकती घासते. अशा डिस्कची प्रत आजच काढून ठेवा. परीक्षणाचा हा भाग फक्त स्वतःच्या डिस्कच्या प्रतींबद्दल आहे. दुसऱ्याच्या प्रती उतरवणं बेकायदा आहे, आणि फर्मवेअर बदलल्याने त्यात फरक पडत नाही.

गेम कार्डावरून चालवण्याचा फायदा कुणालाही पहिल्या मिनिटात जाणवेल. लोडिंग कमी, ड्राइव्हची घरघर बंद, मोटर फिरत नसल्याने बॅटरी जास्त. जुन्या फर्मवेअरच्या काही मोडमध्ये खाचेत एखादी यूएमडी असावी लागायची. आर्कमधल्या इन्फर्नो ड्रायव्हरला ती लागत नाही. ड्राइव्ह पूर्ण बिघडलेला पीएसपीही त्यामुळे बिनतक्रार कामाला येतो, आणि असे पीएसपी पुष्कळ आहेत.

जागा वाचवायला सीएसओ हा दाबलेला प्रकार चालतो, पण ज्या गेममध्ये चित्रफिती आणि आवाज सतत डिस्कवरून येतात तिथे आवाज तुटतो. आर्कला झेडएसओ हा प्रकारही कळतो. त्यातली एलझेड४ पद्धत उलगडायला प्रोसेसरला हलकी जाते. फाइल थोडी मोठी होते, पण अडखळणं जवळजवळ संपतं. ६४ जीबीचं कार्ड असेल तर दाबण्याच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

प्लेस्टेशन १चे गेम ईबूटमध्ये रूपांतर करून गेम फोल्डरमध्ये, प्रत्येकाचा वेगळा फोल्डर. सोनीचाच इम्युलेटर (दुसऱ्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम) यंत्रात असल्याने ते अप्रतिम चालतात. स्क्रीन सेटिंग मूळ आकाराला ठेवा. २४० ओळी २७२मध्ये जशाच्या तशा बसतात, वरखाली १६-१६ ओळींची काळी पट्टी राहते आणि चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. ताणलं की धूसर होतं. गेमबॉय ॲडव्हान्सचं चित्र २४० × १६०चं, उंचीत १.७ पट ताणावं लागतं. अपूर्णांकाने ताणलं की पिक्सेल असमान होतात, हे या स्क्रीनचं दुखणं आहे आणि त्यावर इलाज नाही. वेग मात्र जीपीएसपी या इम्युलेटरमध्ये उत्तम. मेगा ड्राइव्हसाठी पिकोड्राइव्ह, सुपर निन्टेन्डोसाठी स्नेस९एक्स-टीवायएल; यात सुपर एफएक्स चिपवाले गेम रखडतात. निन्टेन्डो ६४ इथे नीट चालत नाही. त्याचा इम्युलेटर डेडेलस चालू होतो, थोडं खेळता येतं, आनंद मिळत नाही.

प्लगइन आणि वाय-फाय

प्लगइन म्हणजे फर्मवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम; ते एसईप्लगइन्स फोल्डरमध्ये जातात. त्यातल्या प्लगइन्स नावाच्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येकासाठी एक ओळ: कुठे चालवायचं, फाइलचा पत्ता, चालू की बंद, मध्ये स्वल्पविराम. एका विशिष्ट गेमपुरतंही प्लगइन लावता येतं. एका वेळी एकच टाका आणि दोन दिवस पाहा. पाच एकदम टाकून यंत्र मेनूवर पोचेनासं झालं तर गुन्हेगार शोधणं कठीण. तशी वेळ आलीच तर कार्ड संगणकात घालून त्या ओळींतलं चालू हे बंद करायचं. किंवा यंत्र सुरू करताना आर ट्रिगर धरून ठेवायचा, रिकव्हरी मेनू उघडतो.

मूळ वाय-फाय ८०२.११बी, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, आणि सुरक्षा जुन्या डब्ल्यूपीएपर्यंतच. आजचा राउटर त्याला ओळखही देत नाही. राउटरची सुरक्षा उतरवणं हा उपाय नव्हे. डब्ल्यूपीए२पीएसपी हे प्लगइन आहे, ते लावलं की डब्ल्यूपीए२वर जोडणी होते. जोडणी झाली तरी आतला ब्राउझर आजच्या संकेतस्थळांना निरुपयोगी. खरा उपयोग दूरच्या मित्रांशी खेळण्यासाठीच्या सर्व्हरना.

नेहमी येणाऱ्या अडचणी

गेम सुरू करताना ८००२०१४८ हा क्रमांक आला तर समजावं की आर्क चालूच नाही. यंत्र पूर्ण बंद झालं होतं, लोडर पुन्हा चालवा. गेमच्या जागी 'खराब डेटा' असं चिन्ह दिसलं तर बहुधा तेच कारण, नाहीतर फोल्डरमध्ये फोल्डर. मॅकवरून फायली भरल्या असतील तर प्रत्येक फाइलच्या जोडीला टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइल जाते आणि ती खराब डेटा म्हणून उगवते. मॅकच्या टर्मिनलमधली डॉट_क्लीन ही आज्ञा त्या काढून टाकते.

सुरू होताना निळा पडदा आणि अनेक भाषांत सेटिंग्ज बिघडल्याचा संदेश आला तर घाबरू नका. फक्त फ्लॅश १मधल्या सेटिंग्ज गेल्या आहेत. गोल बटण दाबलं की यंत्र मूळ सेटिंग्ज घालून सुरू होतं. नाव, तारीख पुन्हा भरावी लागते, कार्डावरच्या सेव्हना काही होत नाही. मोठ्या कार्डावर पहिली सेव्ह करताना यंत्र काही क्षण थांबतं ते मोकळी जागा मोजत असतं, तेव्हा त्याला बंद करू नका.

हिरवा दिवा लागतो पण स्क्रीन काळी राहते, ही खरी ब्रिक झाल्याची, म्हणजे फर्मवेअर बिघडून यंत्र निकामी झाल्याची खूण. १००० आणि टीए-०८८ व्ही३च्या आधीच्या २०००वर २००७पासून पँडोरा बॅटरीचा उपाय आहे. बॅटरीच्या चिपमधला अनुक्रमांक सगळा एफ केला की यंत्र सर्व्हिस मोडमध्ये जातं आणि आयपीएल नँडऐवजी मेमरी स्टिकवरून वाचतं. खास तयार केलेल्या स्टिकवरून मग पूर्ण फर्मवेअर नव्याने लिहिता येतं. १०००ला क्षमाशील म्हटलं ते यामुळे: नँड कितीही बिघडली तरी दार उघडं राहतं. त्यानंतरच्या बोर्डांवर ही बॅटरी चालत नाही. ३०००सारख्या यंत्रांसाठी बॅरियन स्वीपर आहे, त्यात संगणकच यूएसबी-टीटीएल सिरियल अडॅप्टरमार्फत बॅटरीच्या संवादपट्टीवर बसतो आणि बॅटरी असल्याचं सोंग घेतो. तारा जोडता आल्या पाहिजेत आणि हात स्थिर हवा, पण यंत्र भंगारात जात नाही.

या वेळेला हाताशी नँडची प्रत असेल तर काम कितीतरी सोपं होतं. नँडमध्ये आयडीस्टोरेज नावाचा भाग असतो. त्यात वाय-फायचा पत्ता, प्रदेश, त्या एकाच यंत्राच्या किल्ल्या असतात. फर्मवेअर कुठूनही पुन्हा मिळतं, दुसऱ्या यंत्राचं आयडीस्टोरेज मात्र आपल्याला चालत नाही. म्हणून कायमस्वरूपी बसवणीच्या आधी नँड उतरवून घ्या. ३२ किंवा ६४ एमबीची फाइल, तिला यंत्राचा बोर्ड क्रमांक आणि तारीख नावात द्या, आणि ती त्या मायक्रोएसडीवर ठेवू नका. संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा.